कुरव पाठमोरे आणि कुत्रा काळा

प्राण्यांच्या फोटोंबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात छापून आलं होतं. त्यात माझी ओळख ‘वन्यजीव छायाचित्रकार’ अशी झाली, ती आधी खोडून टाकतो. दापोली तालुक्यात माझा साधा स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, मुंजी, आणि जनावरांच्या विम्याचे फोटो. कर्ज काढून म्हैस घेतली की विमा आला आणि विमा आला की फोटो आला. जनावर आडवं, शेपटापासून नाकापर्यंत पूर्ण, कानातला बिल्ला दिसेल असं. त्यापायी तीस वर्षं गोठे हिंडलो. जनावराची जी काही थोडी समज आली ती शेणात उभं राहून आली. पक्षी फार नंतरचे.

पत्रं बरीच आली आहेत. सारख्या प्रश्नांना एकदाच उत्तर देतो.

प्रश्न : आमचा कुत्रा पूर्ण काळा आहे. अंगणात फोटो काढला तर चिऱ्याचं अंगण लख्ख येतं आणि कुत्रा म्हणजे अंगणाला पडलेलं भोक. जवळून काढला तर राखाडी दिसतो, धुळीत लोळल्यासारखा. मोबाईल चांगला आहे. सोबत चार फोटो जोडले आहेत. (एक वाचक, गुहागर)

तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत, पण मूळ एकच. उजेड मोजताना कॅमेऱ्याला कुत्रा काळा आहे की अंधारात बसलाय, हे कळत नाही. चौकटीत जे काही आहे ते सगळं मिळून मध्यम करडं व्हावं, एवढीच त्याची धडपड. उन्हातलं अंगण चौकटभर पसरलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो सगळंच दाबतो आणि त्यात तुमचा कुत्रा बुडतो. कुत्र्यानेच चौकट भरली की वाटतं काळोख आहे. मग तो उजळत नेतो आणि काळ्याचा राखाडी होतो. पांढऱ्या बगळ्याच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने होतं. मागे काळोखी कांदळवन असलं की बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा कागद उरतो.

फोनवर कुत्र्याच्या अंगावर बोट टेकवा. शेजारी छोटा सूर्य येतो. तो वर-खाली ओढता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. कुत्रा राखाडी दिसत असेल तर सूर्य खाली ओढा, बुडत असेल तर वर. मोठ्या कॅमेऱ्यात हेच काम अधिक-उणेच्या बटणाने होतं.

पण खरं औषध जागा बदलणं हे आहे. दुपारचं अंगण सोडा. कुत्र्याला पडवीत बसवा, तोंड अंगणाकडे. वर छप्पर, समोरून उन्हाचा परतून येणारा मऊ उजेड, मागे घरातला काळोख. आमच्या स्टुडिओतले दिवे एवढा चांगला उजेड देत नसत. तिथे बसला की त्याच्या डोळ्यांत अंगणाचा पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका आला की काळं कुत्रंसुद्धा फोटोत जिवंत होतं. नाही आला तर बाकी सगळं बरोबर असूनही ते पेंढा भरलेलं वाटतं.

काळ्या रंगाचा धडा मला एका म्हातारीने दिला. तिच्या म्हशीचे फोटो बँकेने दोनदा परत पाठवले होते. बिल्ला दिसत नाही, म्हैस कुठे संपते आणि गोठा कुठे सुरू होतो ते कळत नाही, असा शेरा. रोलचे पैसे माझ्या अंगावर. तिसऱ्या खेपेला मी वैतागून म्हटलं, आजी, ही फोटोत यायचीच नाही. ती म्हणाली, “थांब वाईच,” आणि दोन बादल्या पाणी म्हशीवर ओतलं. ओल्या कातडीवर उजेड सरकायला लागला. बरगड्या, खांदा, पाठीचा कणा, सगळं आकाराला आलं. काळ्या रंगाला स्वतःचं काही दाखवता येत नाही, त्याच्यावरून घसरणारा उजेडच दाखवता येतो, हे मला तिथे कळलं. कुत्र्यावर बादली ओतू नका, राग धरतो. नीट ब्रश फिरवा, चकाकी येते.

आणि एक. चारही फोटोंत कुत्र्याची पाठ आहे आणि एकात तुमच्या पायाचा अंगठा. म्हणजे तुम्ही उभे आहात. जमिनीवर बसा, फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. पहिली पाच मिनिटं तो तोंड चाटायला येईल, ती जाऊ द्या.

प्रश्न : दर थंडीत मुरूड-हर्णैला येतो. किनाऱ्यावर कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे, मोठे थवे असतात. लांब पल्ल्याची लेन्स घेतली, शटरही वेगात ठेवतो, पण उडतानाचे सगळे फोटो पाठमोरे. मित्र म्हणतात नशीब लागतं. (एक वाचक, मुंबई)

मित्रांना सांगा की नशीब नंतर लागतं, आधी वारा लागतो.

कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उडतात. समोरून वारा घेतला की उचलायला सोपं जातं, विमानासारखंच. आता आपल्या किनाऱ्यावरचा वारा बघा. रात्रभरात जमीन गार होते, समुद्र त्यामानाने ऊबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. ऊन चढलं की जमीन तापते आणि दुपारपासून उलटे, खारे वारे सुरू होतात. शाळेत भूगोलात घोकलं होतं, फोटोसाठी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही येता संध्याकाळी. कारण सूर्यास्त, भजी, घोडागाडी. त्या वेळी वारा समुद्राकडून, म्हणून थव्याची तोंडं समुद्राकडे. तुम्ही गावाकडून चालत जाता, थवा तुमच्याकडे पाठ करून समुद्रावर निघून जातो. शिवाय सूर्य समोर, म्हणजे पक्षी काळे. शंभर फोटो, शंभर पाठी.

सकाळी या. पश्चिम किनाऱ्याची ही मोठी सोय आहे: सूर्य आपल्या मागून, डोंगराकडून उगवतो. सुरूच्या बनावरून ऊन वाळूवर यायला थंडीत साडेसात होतात. त्या वेळी पाठ गावाकडे करून बसा. ऊन पाठीवर, मतलई वारा पाठीवर, समोर कुरव आणि त्यांची तोंडं तुमच्याकडे. उडाले की आधी तुमच्या अंगावर येतात, मग वळतात. वळताना एक क्षण दोन्ही पंख पूर्ण उघडे आणि डोळ्यांत ऊन. तेवढ्यासाठी शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवा, म्हणजे १/२०००. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा. थवा उडवायला पोराला पळवू नका. कुरव आपणहून उडतात, एखादी घार वरून गेली की पुरतं. दोन हजार मैलांचा पल्ला मारून आलेला पक्षी विसावलाय, त्याला तुमच्या फोटोसाठी कवायत कशाला?

आता भरती. ओहोटीला कुरव आणि तुताऱ्या, चिखल्या असे छोटे पक्षी पार खाली पाण्याच्या कडेला असतात, तुमच्यापासून दोनशे-तीनशे पावलं. भरती चढत आली की ते आपोआप वर ढकलले जातात. तुम्ही जायचं नाही, त्यांना येऊ द्यायचं. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण अंदाजाला पुरे. मला सकाळी सात ते नऊ चढतं पाणी हवं असतं, म्हणून मी एकादशी-द्वादशी धरतो. एकादशीचा उपासही वाळूतच घडतो.

जाताना सरळ त्यांच्या रोखाने चालू नका. सरळ येतो तो शिकारी. तिरकं, रेंगाळत, मध्येच बसत. एका पायावर उभे असलेले पक्षी दुसरा पाय खाली टेकवून माना उंच करू लागले की तुम्ही एक पाऊल जास्त गेलात. तिथेच बसा. पाच मिनिटांत माना पुन्हा पंखांत जातात.

हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी वेगळं चित्र मिळतं. होड्यांवरून मासळी बैलगाडीत चढते, सुवर्णदुर्ग मागे, डोक्यावर कुरव आणि ब्राह्मणी घारी. इथे लांब लेन्स बॅगेत ठेवा. मोबाईलवाल्यांनी तर इथेच यावं. एका पक्ष्याचा डोळा मोबाईलमध्ये येणार नाही, पण बैल, चाक, टोपलीतले बोंबील आणि वर फिरणाऱ्या घारी एका चौकटीत येतात. सात लाखांची लेन्सवाला तिथे एका घारीची चोच काढत बसतो आणि बाकीचं बंदर त्याला दिसतच नाही. घार खांबावर बसली असेल तर एक खूण सांगतो: पुढे झुकली आणि शिटली की लगेच उडते. बोट तयार ठेवा.

फेरीबोटीवरून गाठ्या-फरसाण फेकून कुरवांचे फोटो काढणारे मला पत्रं पाठवतात. त्यांना उत्तर देत नाही. फोटो स्पष्ट येतात, हे मान्य. पण चोच उघडी आणि नजर तुमच्या मुठीवर, असा भिकेला लावलेला पक्षी एकदा पाहिला की पुरे.

प्रश्न : वेळासला कासवं बघायला गेलो होतो. तिथे फ्लॅश मारू देत नाहीत. संध्याकाळी उजेड कमी, मुलीने काढलेले सगळे फोटो हललेले. एक फ्लॅश मारल्याने असं काय होतं? (एक पालक, पुणे)

ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे क्षितिज उजळ दिसतं तिकडे चालू लागतं. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता. आता तो तुमच्या फोनचा झाला, तर ते तिकडे वळतं. चार सेंटिमीटरचा जीव, तेवढ्या फेऱ्यातही दमतो. म्हणून फ्लॅश नाही, टॉर्च नाही, आणि फोकससाठी कॅमेऱ्याच्या पुढे जो लाल-पिवळा दिवा लागतो तोही मेनूत जाऊन बंद करायचा. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली काम सुरू केलं, तेव्हापासून गावकरी घरटी राखतायत. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, दीड-दोन महिने राखण, मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. त्यांनी दोरी बांधली असेल तर दोरीच्या अलीकडे. यावर वाद नको.

आता मुलीसाठी. दोरीच्या तोंडाशी, टोपलीजवळ, सगळी गर्दी असते. तिथून पिल्लांच्या पाठी दिसतात, कारण ती तुमच्यापासून लांब निघालेली असतात. तुम्ही बाजूच्या दोरीने समुद्राकडच्या टोकाला जाऊन बसा. तिथे ओली वाळू असते, आकाश तिच्यात उतरतं, संध्याकाळी उजेडही तिथेच जास्त वेळ टिकतो. पिल्लू बाजूने दिसतं. फोन उलटा धरा, लेन्स खाली येईल अशी, आणि जवळजवळ वाळूला टेकवा. वरून काढलेलं पिल्लू म्हणजे काळं बटण. वाळूच्या पातळीवरून बघितलं तर समोरची पावलाची खळगी त्याला दरीएवढी असते, ती फोटोत येते.

फोनचा रात्रीचा मोड बंद करा. तो दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो, तेवढ्यात पिल्लू चालतं आणि फोटो हलतो. फोटोत थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, आले तरी चालतील. कोपर वाळूत रोवा, एकामागून एक दहा फोटो काढा. पिल्लू मध्येमध्ये थांबतं, दम खातं. त्या थांब्याचा फोटो घ्या.

आणि पिल्लू पाण्यात गेल्यावर लगेच उठू नका. सगळे उठतात. मागे वाळूवर बारीक वेलबुट्टीसारखी रांग उरते, पुढच्या लाटेपर्यंत. माझ्याकडे कासवाचे पुष्कळ फोटो आहेत, पण घरातल्या भिंतीवर त्या रांगेचा आहे.

प्रश्न : आमच्या वाडीजवळ सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं आहे, पिल्लू दिसतं. किती अंतरावरून आणि किती वेळ फोटो काढावेत? एक फांदी मध्ये येते, ती छाटली तर चालेल का? (नाव-गाव मुद्दाम छापत नाही)

गाव छापत नाही, कारण पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या लागतील. फांदी छाटू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं धरलेलं आहे. पण कायद्याच्या आधी माझीच एक गोष्ट सांगतो, ती आजवर कुठे लिहिली नव्हती.

एप्रिलमध्ये सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, टिटवीची चार अंडी सापडली. घरटं म्हणजे काय, कातळावरच्या खड्यांमध्ये आणखी चार खडे. मी आठ-दहा पावलांवर बसलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी खूश होतो, कारण पंख उघडे, चोच उघडी, असे फोटो मिळत होते. अंड्यांसमोर सुक्या गवताचा एक झुबका होता. तो लेन्समध्ये पिवळा डाग देत होता, म्हणून मी जाऊन उपटला. दोन तास बसलो. सड्यावरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, अनवाणी पाऊल ठेववत नाही. टिटवी अशा दिवसांत डबक्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार करते. ते दोन तास मी तिला बसू दिलं नाही. मला त्या वेळी हे माहीत नव्हतं, पण ती ओरडत होती एवढं तर ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर अंडी नव्हती. कावळ्याने नेली असावीत. झुबक्याची सावली गेली होती, आडोसा गेला होता, आणि माझ्या पावलांनी वाट दाखवली होती. फोटो चांगले आले होते. निगेटिव्ह डब्यात आहेत, प्रिंट काढलेली नाही.

तर अंतराचा आकडा देत नाही, खूण देतो. मोठा गरुड नखांत मासा धरून आला आणि घरट्यावर न उतरता लांबच्या झाडावर बसून ओरडू लागला, तर तुम्ही जवळ आहात. मासा पिल्लापर्यंत पोचलेला नाही. मागे सरा, तो घरट्यावर उतरेपर्यंत मागे सरा. फोटोत फांदी येते तर येऊ दे. फांदीआडून दिसणारा गरुड हा खरं तर जास्त खरा फोटो आहे, आम्हा गाववाल्यांना तो तसाच दिसतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्स काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. (एक वाचक, चिपळूण)

फंगस. पहिल्यांदा चामड्याच्या पाऊचमधून बाहेर काढा, बुरशी तिथेच पोसते. झाकण घट्ट बसणारा स्वयंपाकघरातला डबा घ्या, त्यात सिलिका जेल. ते ओलं झालं की तव्यावर गरम करून परत टाका. तांदूळ घालू नका, पीठ आत जातं. आठवड्यातून एकदा लेन्स उजेडात काढून वापरा. जे आत वाढलं आहे ते दुरुस्तीवाल्याकडेच निघेल. आणि हॉटेलच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेलात तर काचेवर घाम येतो. पुसत बसू नका, बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

प्रश्न : घरामागच्या बागेत बिबट्या येतो. फोटोसाठी कोणता कॅमेरा घ्यावा? (एक वाचक, संगमेश्वर)

कॅमेरा नको. वनखात्याचा क्रमांक १९२६ फोनमध्ये घाला. रात्री कोंबड्या आणि कुत्रा आत घ्या.

प्रश्न : माझं मांजर फोटो काढताना थांबतच नाही. मी चौथीत आहे. (एक वाचक, वेंगुर्ला)

तू त्याच्या मागे मागे जातोस ना? मग ते पुढे पुढे जाणारच. सकाळी चुलीशेजारी किंवा खिडकीत जिथे ऊन पडतं, तिथे तू आधीच जाऊन पोटावर झोप. त्याच्याकडे बघू नकोस, दुसरीकडे बघ. आईला सांग हाक मारू नकोस म्हणून. ऊन अंगावर घ्यायला ते आपणहून येईल, आधी पाय चाटेल, मग तुझ्याकडे बघेल. बघितलं की हळूच काढ. पत्रासोबतचा तू काढलेला शेपटीचा फोटो मला आवडला, पण मांजराचं नाव लिहायला विसरलास.